वणाचे मोल : अमेरिकेतील माजी सैनिकांचे भरपाई-दावे आणि व्रणवस्तूची नोंद

सम्यक् रूढ व्रणाचे लक्षण सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे. तोंड मिटलेले, गाठ नाही, सूज नाही, वेदना नाही, वर्ण भोवतालच्या त्वचेसारखा आणि पृष्ठभाग समतल, असा व्रण नीट भरून आला असे समजावे. त्याच स्थानाच्या एकविसाव्या अध्यायात मात्र, व्रण रुजला तरी व्रणवस्तू देह आहे तोवर नाहीशी होत नाही, असेही आचार्य बजावतात. या दोन विधानांच्या मध्ये एक जागा उरते : व्रण भरला आहे, पण हवा तसा भरलेला नाही. आपल्या केसपेपरवर ही जागा बहुधा कोरीच असते. 'व्रण भरला' एवढे लिहून आपण रुग्णास निरोप देतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या भरपाईचे नियम नेमके याच कोऱ्या जागेवर उभे आहेत. म्हणून व्रणचिकित्सा करणाऱ्याने ते एकदा तरी पाहावेत, असे वाटते.

लष्करी सेवेत झालेल्या इजेचा वण ज्याच्या अंगावर राहिला आहे, त्या माजी सैनिकास तेथील 'डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स' हे खाते विकलांगतेच्या टक्केवारीनुसार दरमहा करमुक्त भरपाई देते. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : वण आज आहे, सेवेत तशी घटना घडली होती, आणि दोहोंचा संबंध आहे. सेवेत दुखावलेल्या गुडघ्यावर पुढे शस्त्रकर्म झाले, तर त्या शस्त्रकर्माचा वणही हिशेबात धरला जातो. दोन्ही बाजूंचा पुरावा समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो.

खरा विचार करण्याजोगा भाग टक्केवारीचा आहे. डोके, चेहरा व मान यांवरील वणांसाठी विरूपतेची आठ लक्षणे ठरविलेली आहेत. लांबी १३ सेंटिमीटर वा अधिक असणे. रुंदी सर्वांत रुंद जागी किमान ०.६ सेंटिमीटर असणे. स्पर्शाला उंचवटा वा खोलगटपणा जाणवणे. वण खालच्या धातूंना चिकटलेला असणे. आणि ३९ चौरस सेंटिमीटरहून अधिक क्षेत्रात वर्ण बदललेला, पोत बिघडलेला, खालचे मांस नाहीसे झालेले, किंवा त्वचा कठीण व न लवणारी असणे. यांपैकी एक लक्षण असल्यास १० टक्के, दोन वा तीन असल्यास ३०, चार वा पाच असल्यास ५०, आणि सहा वा अधिक असल्यास ८० टक्के. नाक, डोळे, ओठ अशा अवयवांचा आकार बिघडला असल्यास त्याचा वेगळा विचार होतो.

ही यादी वाचताना चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील साठ उपक्रमांची आठवण व्हावी. खोल व्रणास उत्सादन, उंचावलेल्यास अवसादन, कठीण व्रणास मृदुकर्म, दुरूढ होऊन पांढरा पडलेल्यास कृष्णकर्म, काळवंडलेल्यास पांडुकर्म. आचार्यांनी ज्या दोषांवर उपाय सांगितले, त्यांचेच मोजमाप तेथील नियमकर्त्यांनी केले आहे. फरक एवढाच की तेथे मोजपट्टी आहे, आणि आपल्या हाती उपाय असूनही आपण मोजपट्टी क्वचितच लावतो.

चेहऱ्याखेरीज इतरत्र मात्र हिशेब बराच कठोर आहे. वणाखालच्या धातूंना इजा नसेल, तर ९२९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाएवढे क्षेत्र व्यापल्याशिवाय १० टक्केही मिळत नाहीत. खालच्या धातूंना इजा असेल, तर तेच १० टक्के ३९ चौरस सेंटिमीटरपासून मिळू लागतात आणि क्षेत्राप्रमाणे ४० पर्यंत वाढतात. पूर्वी या दोन प्रकारांना 'उथळ' व 'खोल' वण म्हणत. २०१८ च्या दुरुस्तीने हे शब्द काढून 'खालच्या मृदू धातूंची इजा' हा निकष घातला.

वेदनेला मात्र क्षेत्राची अट नाही. दुखणारा वा अस्थिर असा वण, मग तो बोटभर का असेना, १० टक्क्यांस पात्र ठरतो. असे एक वा दोन वण असल्यास १०, तीन वा चार असल्यास २०, पाच वा अधिक असल्यास ३० टक्के. ज्यावरील त्वचेचे आवरण वारंवार निघून जाते, तो अस्थिर वण. एकच वण दुखराही असेल आणि अस्थिरही, तर आणखी १० टक्के मिळतात. वणामुळे सांधा आखडला असेल, तर त्या सांध्याच्या नियमाने वेगळे मोजमाप होते.

एकाच इजेचे असे निरनिराळे परिणाम वेगळे मोजावेत, हे १९९४ साली माजी सैनिकांच्या दाव्यांसाठी असलेल्या न्यायालयाने 'एस्टेबान विरुद्ध ब्राउन' या निकालात स्पष्ट केले. वाहन-अपघातात त्या सैनिकाच्या चेहऱ्यास इजा झाली होती. विरूपता, दुखरे वण आणि चर्वणात अडथळा आणणारी स्नायूंची इजा, या तिन्हींना मिळून खात्याने १० टक्के दिले होते. तीन परिणाम वेगळे आहेत, म्हणून प्रत्येकास स्वतंत्र १० टक्के, असे न्यायालयाने ठरविले. तेथे टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. दुसरा आकडा पहिल्यानंतर उरलेल्या क्षमतेवर लावतात. १० आणि १० मिळून १९, त्यात आणखी १० मिळविल्यास २७, आणि जवळच्या दशकात ३०. सध्याच्या नियमाप्रमाणे ३० टक्क्यांपासून पत्नी व मुलांसाठी जादा रक्कम सुरू होते. म्हणजे 'चेहऱ्यावर वण आहे' आणि 'चेहऱ्यावर वण आहे, दाबल्यास दुखतो, चावताना अडचण होते' या दोन नोंदींमध्ये एका कुटुंबाचा खर्च अडकलेला असतो.

नोंदच हरवली तर काय होते, याचेही उदाहरण त्याच देशात आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील सैनिकी अभिलेखागारास आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी फाइली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फाइली त्यांत गेल्या. प्रतीही नव्हत्या. अशा सैनिकांपाशी उरले ते सोबत्यांचे जबाब, कुठे एखादे जुने पत्र, आणि अंगावरचा वण. दुसऱ्या महायुद्धात मस्टर्ड वायूच्या प्रयोगांत सुमारे ६०,००० अमेरिकन सैनिकांचा वापर झाला व त्यांना गुप्ततेची शपथ घातली गेली. त्यांनी कोणाकडे आणि काय सांगावे? पुढे नियमच असा झाला की, सर्वांगास वायू लागल्याचे सिद्ध झाल्यास नंतरच्या वणांचा सेवेशी संबंध निराळा सिद्ध करावा लागत नाही.

अमेरिकेत आयुर्वेद चिकित्सकास वैद्यकीय परवाना नाही. त्यामुळे आपल्या दाखल्याला तेथे वैद्यकीय मताचे स्थान नाही. आपल्याकडेही सैनिकाच्या अपंगत्वाचा निर्णय लष्कराचे वैद्यकीय मंडळच करते. तरीही साताऱ्या-कोल्हापुराकडील वैद्यांकडे निवृत्त सैनिक नेहमी येतात, आणि अपघाताच्या दाव्यांतील रुग्ण तर सर्वांकडेच. त्यांच्या केसपेपरवर स्थान, संख्या, लांबी-रुंदी, उंच-खोल, वर्ण, चिकटलेपणा, वेदना आणि हालचालीतील अडथळा एवढे लिहावयास पाच मिनिटे पुरतात. रुग्णाच्या आग्रहास्तव वेदना वाढवून लिहू नये, हे सांगावयास नकोच. पण नसलेली वेदना लिहिणे जितके खोटे, तितकेच असलेली वेदना न लिहिणेही अपुरे.

औषधालयांच्या चालकांसाठी दोन शब्द. रोपण घृत वा तेल रुग्ण वर्षानुवर्षे नेत असेल, तर तारखेसह व रुग्णाच्या नावासह दिलेल्या पावत्या हा तक्रार सतत चालू असल्याचा साधा पुरावा असतो. नाव न लिहिलेली पावती त्या कामी निरुपयोगी. आणि 'वण समूळ नाहीसा करणारे' असे वेष्टनावर छापणाऱ्यांनी एकविसावा अध्याय पुन्हा वाचावा.

छायाचित्राविषयी अमेरिकन नियमात एक छोटी टीप आहे : चेहऱ्याच्या विरूपतेचे मूल्यमापन करताना फेरफार न केलेली रंगीत छायाचित्रे विचारात घ्यावीत. लेप वा तेल सुरू करण्यापूर्वी, वणाशेजारी मोजपट्टी ठेवून व रुग्णाच्या संमतीने, दिवसाच्या उजेडात असे एक छायाचित्र घ्यावे व मागे तारीख घालून केसपेपरला जोडावे. सहा महिन्यांनी दुसरे घेताना उजेड आणि अंतर तेच ठेवावे.