होळी आणि आखाजीच्या मधला डोंगर

पलसाणा-कडोदरा पट्ट्यातल्या खानदेशी घरात नेपाळच्या ट्रेकचा विषय निघाला की चर्चा रंगते ती बुटांवर आणि जॅकेटवर. बेत मोडतो मात्र रजेवर. होळीला कापडाच्या प्रोसेस हाऊसचे निम्मे कामगार गावी जातात, तेव्हा मागे राहिलेल्यांवर दुप्पट भार पडतो. पुढे लग्नसराईचा माल निघू लागला की स्टेंटरवरच्या माणसाला एक खाडासुद्धा महागात पडतो. मुलांच्या परीक्षा एप्रिलात. आणि आखाजीला लेकीबाळी माहेरी येणार म्हटल्यावर अमळनेर-शिंदखेड्याकडे जाणं कुणाला चुकलंय?

होळी ते आखाजी म्हणजे फाल्गुन पौर्णिमा ते अक्षय्य तृतीया, मध्ये अधिकमास आला नाही तर हे अंतर जेमतेम सात आठवड्यांचं. हिमालयातला वसंत नेमका याच फटीत बसतो. मार्चच्या उत्तरार्धापासून दोन-तीन हजार मीटरवरची जंगलं गुराँसने लाल होतात. गुराँस हे नेपाळचं राष्ट्रीय फूल. सकाळी आभाळ स्वच्छ, दुपारनंतर ढग, कधी गारा. एप्रिलात वणव्यांचा धूर आणि धुरकट हवा खालच्या डोंगरांत साचते, म्हणून शिखरं बघायची तर पहाटेच उठावं लागतं. मे संपता संपता पावसाची चाहूल लागते.

तेव्हा आधी दिवस मोजावेत, बूट मागाहून. पलसाण्यासारख्या समुद्रसपाटीला लागून असलेल्या गावातून निघणाऱ्याने तर दिवसांच्या बाबतीत अजिबात कंजुषी करू नये, आणि का, हेच इथे सांगायचं आहे.

पोखऱ्याहून निघणारा अन्नपूर्णा बेस कॅम्पचा रस्ता घेऊ. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मला तोच सर्वांत रास्त वाटतो. एव्हरेस्टचं नाव मोठं, पण तो बेस कॅम्प 5,364 मीटरवर आहे. शिवाय लुक्लाची छोटी विमानं हवेच्या लहरीवर उडतात आणि गर्दीच्या हंगामात त्यांतली बरीचशी काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. तिथवर पोहोचायला रात्रीच गाडीत बसावं लागतं. मोजून मिळालेल्या रजेत हा जुगार कशाला?

अन्नपूर्णेचं गणित असं. सुरतहून अवध एक्सप्रेसने गोरखपूर म्हणजे दीड दिवस. तिथून सुनौली, सीमा पायी ओलांडायची आणि भैरहव्याहून पोखऱ्याची बस. डोंगरातला तो रस्ता नकाशावर दिसतो त्याहून बराच लांब वाटतो. एका बाजूला तीन दिवस धरा. चालायला सात-आठ, वर दोन राखीव, म्हणजे पंधरा-सोळा दिवस झाले. मुंबईहून विमानाने काठमांडू आणि पुढे पोखऱ्याला विमान घेतलं तर बारात बसतं. खिसा आणि रजा यांपैकी काय ताणायचं ते घराघराने ठरवावं, पण राखीव दोन दिवसांना हात लावू नये.

कारण पुढे आहे. घांद्रुक दोन हजार मीटरच्या आसपास, छोम्रोंग 2,170, बांबू 2,300 च्या वर, देउराली 3,200 च्या वर आणि बेस कॅम्प 4,130. हे आकडे एकाखाली एक लिहून बघावेत. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, पहिलवानालाही. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, असा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. आता देउराली आणि बेस कॅम्पमधला फरक मोजा: नऊशे मीटर. बहुतेक स्वस्त पॅकेजांत हे अंतर एका दिवसात उरकलेलं असतं, कारण एक मुक्काम वाचला की दर खाली येतो. मध्ये 3,700 मीटरवर माछापुच्छ्रे बेस कॅम्पला रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर जावं. एजन्सीने पाठवलेल्या कार्यक्रमात हा मुक्काम नसेल तर तो घालून मागावा. एजन्सी कुरकुरली तर एजन्सी बदलावी.

4,100 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. शरीर जुळवून घेतं, फक्त त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ विकत मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली सूचना. त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालताना तोल गेला किंवा माणूस भलतंच बोलू लागला, तर रात्र असली तरी त्याला खाली उतरवायचं. खरा उपाय उतरणं हाच. डायमॉक्सची गोळी मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगावं.

16 एप्रिल 2021 रोजी पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची तुकडी आणि साताऱ्याची प्रियांका मोहिते हे एकाच दिवशी 8,091 मीटर उंचीच्या अन्नपूर्णा शिखरावर पोहोचले. बातमी त्या दिवसाची झाली. वर जाऊन पुन्हा खाली येण्यात, शरीराला सवय लावण्यात जे आठवडे जातात, त्यांची बातमी होत नाही. बेस कॅम्पला जाणाऱ्याला तेवढे आठवडे लागत नाहीत, एखाददुसरा दिवस पुरतो. तोच नेमका कापला जातो.

रस्त्यातला दुसरा धोका वसंताचाच आहे. हिमालय नावाचा मुक्काम सोडला की देउरालीच्या आधी हिंकू गुहेपाशी आणि पुढेही दरी अरुंद होते आणि वरच्या न दिसणाऱ्या उतारांवरून बर्फ कोसळतं. जानेवारी 2020 मध्ये याच टापूत हिमस्खलनात कोरियन ट्रेकर आणि त्यांचे नेपाळी सोबती गेले. मार्च-एप्रिलात ऊन चढलं की बर्फ सैल होतं, म्हणून हा तुकडा सकाळी लवकर पार करायचा. रात्री ताजं बर्फ पडलं असेल तर लॉजवाल्याला विचारायचं, आणि तो थांबा म्हणाला तर थांबायचं. राखीव दिवस असतो तो यासाठीच.

तयारीचं म्हणाल तर सप्तशृंगीच्या चैत्रयात्रेला पायी जाणाऱ्या घराला सलग चालणं शिकवायला नको. कमी पडतो तो चढ. पलसाण्याच्या उसाच्या रानात चढ आणायचा कुठून? बारडोली, व्यारा, आहवा करत डांग ओलांडला की बागलाणात साल्हेर उभा आहे, 1,567 मीटरचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. पाठीवर सात-आठ किलो घेऊन माथ्यावरच्या परशुराम मंदिरापर्यंत जाऊन त्याच दिवशी खाली या. गुडघे काय म्हणतात ते उतरतानाच कळतं. छोम्रोंगला दोन हजारांच्या आसपास दगडी पायऱ्या उतरून नदी ओलांडून समोर पुन्हा चढायचं असतं, आणि परतीला तेच उलटं. गिरनार चढून आलेल्याला त्याची कल्पना येईल. साल्हेरवर उंचीची सवय होत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवा. तिथे फक्त पाय तयार होतात.

कपड्यांवर फार लिहीत नाही. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही आणि वाऱ्यात गारठवतं, पॉलिस्टर लवकर वाळतं. रोज पॉलिस्टर रंगवणाऱ्या गावाला हे मी काय सांगायचं! जेवणाची चिंता शाकाहाऱ्यांनी करू नये. दालभात पुन्हा पुन्हा वाढतात, आणि छोम्रोंगच्या वर देवभूमी म्हणून मांस न नेण्याची स्थानिकांची रीत आहे.

कागदपत्रं बघू. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, प्रौढांनी आधारच्या भरवशावर जाऊ नये. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना 1,000 नेपाळी रुपयांत मिळतो, इतर परदेशीयांना 3,000. भारतीय शंभराला नेपाळी 160 हा दर 1993 पासून बांधलेला आहे. शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात, मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत. 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाइड सक्तीचा झाला. कुणी अडवत नाही हो, असं सांगणारे भेटतील, पण कुटुंब घेऊन जाणाऱ्याने त्यांचं ऐकू नये. पोर्टर घेतलात तर त्याच्या पायात बूट आणि अंगावर गरम कपडे आहेत का, हे निघण्यापूर्वी बघा.

विमा घेताना एजंटाला एकच प्रश्न नेटाने विचारा: किती मीटरपर्यंत? अनेक प्रवास विम्यांत उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत असते, आणि ती 4,130 च्या खाली असेल तर कागद निरुपयोगी. हेलिकॉप्टरचा खर्च त्यात आहे का, आणि हेलिकॉप्टर बोलावण्याआधी कंपनीची परवानगी लागते का, हे लेखी घ्या. कंपनीचा चोवीस तास लागणारा नंबर स्वतःच्या फोनबरोबर गाइडच्या फोनमध्येही टाकून ठेवा, कारण वरच्या मुक्कामांवर कुणाच्या सिमला रेंज येईल याचा नेम नसतो.