उष्ण सागर आणि अंड्यातील शार्क

शार्क म्हटले की दात, वेग आणि दरारा हीच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु अंडी घालणाऱ्या शार्कांच्या आयुष्यात एक काळ असाही असतो की, त्यात हा मासा चामड्यासारख्या चिवट अंडकोशात बंदिस्त असतो व जागचा हलू शकत नाही. पाणी तापले तर प्रौढ मासा खोल जागी किंवा दूर निघून जाईल. गर्भाला तशी सोय नाही. सागराच्या वाढत्या उष्णतामानाचा परिणाम पाहावयाचा तर तो या अवस्थेत पाहणे अधिक बोधप्रद ठरते.

या अभ्यासासाठी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर आढळणारा एपॉलेट शार्क फार सोयीचा आहे. खांद्यावरील सैनिकी बिल्ल्याप्रमाणे दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यावरून त्याला हे नाव मिळाले. सुमारे एक मीटर लांबीचा हा मासा उथळ पाण्यात राहतो आणि परांच्या आधाराने तळावर जणू चालतो. ओहोटीच्या वेळी खडकांत अडकलेल्या पाण्यातील प्राणवायू कमी झाला तरी तो तग धरतो. इतका काटक प्राणी उष्णतेपुढे कितपत टिकतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

या शार्काची मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते आणि नंतर त्यांच्याकडे पाहत नाही. अंडकोशात गर्भासाठी जे पीतक असते तेवढेच त्याचे भांडवल; त्यात बाहेरून भर पडत नाही. या भांडवलातून दोन खर्च भागवावे लागतात. एक शरीराच्या उभारणीचा, दुसरा निव्वळ जिवंत राहण्याचा. शार्क हा अनियततापी प्राणी असल्याने पाण्याबरोबर त्याचे शरीरही तापते आणि चयापचयाचा वेग वाढतो. काही मर्यादेपर्यंत उभारणी जलद होते आणि निर्वाहाचा वाढता खर्च खपून जातो. ती मर्यादा ओलांडली म्हणजे निर्वाहच भांडवलाचा मोठा वाटा गिळू लागतो व उभारणीस कमी उरते. यात प्राणवायूचीही अडचण आहे. वाढीच्या उत्तरार्धात अंडकोशाला बारीक फटी पडतात आणि गर्भ शेपटी हलवून बाहेरचे ताजे पाणी आत खेळवतो. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि गर्भाची गरज मात्र त्याच वेळी वाढलेली असते.

हा जमाखर्च प्रत्यक्ष तपासणारा एक प्रयोग कॅरोलिन व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकंदर २७ गर्भ २७, २९ आणि ३१ अंश सेल्सिअस अशा तीन उष्णतामानांत वाढविण्यात आले. पहिले उष्णतामान त्यांच्या अधिवासातील सरासरी उन्हाळ्याचे. उरलेली दोन या शतकाच्या मध्यास व अखेरीस अपेक्षित असलेली. २७ अंशांना अंडे फुटण्यास सुमारे १२५ दिवस लागले, तर ३१ अंशांना सुमारे १००.

पंचवीस दिवस आधी बाहेर पडणे हा वरकरणी लाभच वाटेल. अंड्यातील धोक्याचा काळ तेवढा कमी झाला, असे कोणी म्हणेल. परंतु ३१ अंशांतील पिलांचे वजन २७ अंशांतील पिलांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी भरले आणि त्यांची चयापचयाची कार्यक्षमताही घटलेली आढळली. पीतक आधीच संपत आल्याने त्यांना जवळजवळ लगेच अन्न शोधावे लागते. हौदात ते आयते मिळते. प्रवाळांत ते स्वतः मिळवावयाचे असते, तेही मोठ्या माशांची नजर चुकवून. अशक्त पिलाला हे दुहेरी काम किती जमेल याची शंका रास्तच आहे.

३१ अंश ही मृत्यूची सीमा नव्हे. कार्यक्षमता जेथून उतरणीस लागते त्या उष्णतामानाला ‘अपकर्ष-तापमान’ म्हणता येईल, आणि या जातीचे अपकर्ष-तापमान ३१ अंशांच्या आसपास असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. प्रयोगातील गर्भांची संख्या अल्प होती आणि नैसर्गिक अधिवासात भरती-ओहोटीबरोबर उष्णतामान वरखाली होत असते, हे विसरून चालणार नाही. तथापि एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. या शार्काचा अंडी घालण्याचा हंगाम साधारणपणे जुलै ते डिसेंबर असतो. हंगामाच्या अखेरीस घातलेल्या अंड्यांची वाढ म्हणूनच दक्षिण गोलार्धातील ऐन उन्हाळ्यात होते. ग्रेट बॅरिअर रीफवरील प्रवाळ २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली याच उन्हाळी उष्णतेने मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले.

इतर जातींतही असेच घडते काय? रुई रोझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली बांबू शार्काच्या एका जातीवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात उष्णतेबरोबर पाण्याची आम्लताही वाढविली होती. तेथेही गर्भावस्थेचा काळ आखूड झाला, आणि अंड्यातून निघालेल्या पिलांची प्रकृती खालावून त्यांचे जगण्याचे प्रमाण घटले. मात्र उष्णता आणि आम्लता या दोन कारणांचे वाटे वेगळे करणे सोपे नाही.

हा हिशेब सरसकट सर्व शार्कांना लावता येत नाही. बहुसंख्य जाती पिलांनाच जन्म देतात. कोकणच्या बाजारात जी लहान मुशी नेहमी दिसते तिच्या एका प्रमुख जातीत अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे असते आणि गर्भाचे पोषण अपरेद्वारे होते. तेथे वाढीचा खर्च आई सोसते, आणि पाणी तापले तर ती गर्भासह अन्यत्र जाऊ शकते. परंतु भारताच्या त्याच पश्चिम किनाऱ्यावर बांबू शार्काच्या वंशातील अंडी घालणाऱ्या जातीही आहेत. त्यांच्या गर्भाला पीतकाखेरीज दुसरे भांडवल नाही.