संगणकावरील खतावणी आणि पंचवीस पैशांचा फरक

जमाखर्च लिहिण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाहीं. पेशवाईंतील मोडी रोजकीर्दी पुण्याच्या पेशवे दफ्तरांत आजही जतन केलेल्या आहेत. जें घडेल तें रोजकीर्दींत लिहावें, मग ज्या त्या खात्यावर खतवावें, आणि शेवटीं शिल्लक ताडून पाहावी, हा क्रम जुन्या कारकुनांस पाठ असे. इटलींत लुका पाचोली यांनीं १४९४ सालीं आपल्या ग्रंथांत दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली. तिचें सूत्र एवढेंच कीं, प्रत्येक व्यवहारास दोन बाजू असतात व त्यांची बेरीज शून्य आली पाहिजे.

हेंच सूत्र आतां संगणकावर साध्या अक्षरांत पाळतां येतें. जॉन वीगली यांनीं २००३ सालीं ‘लेजर’ नांवाचा प्रोग्राम रचला; पुढें मार्टिन ब्ले यांनीं ‘बीनकाउंट’ तयार केला. यांत वही म्हणजे मजकुराची एक साधी फाईल. ती कोणासही वाचतां येते; आणि बेरीज जुळली नाहीं, तर प्रोग्राम नेमकी ती नोंद दाखवून तक्रार करतो.

आमच्या नेरूळच्या घरीं वडील अशी वही ठेवतात. माझ्या कॉलेजच्या फीसाठीं ते दरमहा ५,००० रुपये रोख्यांच्या एका म्युच्युअल फंडांत घालतात. फंडाच्या उताऱ्यांतील ओळी हातानें उतरविण्याचा कंटाळा येऊन मीं पायथन भाषेंत एक लहानशी आज्ञावली लिहिली. पहिल्याच खेपेस प्रत्येक खरेदींत २५ पैशांचा फरक निघाला. मीं ‘किरकोळ फरक’ असें खातें उघडून त्यांत ते पैसे ढकलूं लागलों, तोंच वडील म्हणाले, “पंचवीस पैसे क्षुल्लक असतील, पण त्यांचें कारणही क्षुल्लक आहे, हें तुला कसें ठाऊक? त्या खात्यांत उद्यां हजाराची चूकही गडप होईल. आधीं एकच नोंद कागदावर मांड.”

मांडून पाहतां उलगडा झाला. १ जुलै २०२० पासून फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतें. ५,००० रुपयांवर तें २५ पैसे होतें. उताऱ्यांत त्याची ओळ निराळी, तारे घालून छापलेली होती. ती शोभेची समजून मीं वगळली होती. खरी नोंद अशी:

फंड, ७९.९९६ युनिट, दर ६२.५० : ४,९९९.७५
मुद्रांक शुल्क : ०.२५
बँक : वजा ५,०००.००

बेरीज शून्य झाली व तक्रार थांबली. मला वाटलें, काम संपलें. परंतु वडिलांनीं शिल्लक ताडावयास सांगितलें. अमुक तारखेस अमुक खात्यांत इतके युनिट असलेच पाहिजेत, अशी ओळ बीनकाउंटच्या वहींत लिहितां येते. ती लिहितांच प्रोग्राम पुन्हां अडला. उताऱ्यापेक्षां आमच्या वहींत ३२० युनिट अधिक होते, ६२.५० च्या दरानें २०,००० रुपये!

“फरक निम्मा कर, आणि तो आंकडा शोध,” वडील म्हणाले. निम्मे म्हणजे १६०. आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं नेमके तितकेच युनिट विकले होते. उताऱ्यांत काढलेली रक्कम व युनिट कंसांत छापतात, आणि तो कंस हेंच वजाचें चिन्ह असतें. माझ्या आज्ञावलीनें मात्र स्वल्पविरामांबरोबर कंसही पुसून टाकले, व विक्री खरेदी म्हणून खतवली. दोन्ही बाजू एकदमच उलटल्यामुळें बेरीज शून्यच राहिली; म्हणून पहिल्या कसोटीस ही चूक सांपडली नाहीं. उलट बाजूस लिहिलेली रक्कम शिल्लकेंत दुपटीचा फरक पाडते. यासाठीं फरक निम्मा करून पाहावयाचा. तसेंच फरकास ९ नें निःशेष भाग गेला, तर ५४ च्या जागीं ४५ असे अंक उलटे पडल्याचा संशय घ्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, असें यंत्र अडलें, तर मूळ उताऱ्यास हात न लावतां त्याची प्रत घ्यावी, आणि एकच व्यवहार उरेपर्यंत ती लहान करावी. तारखा तपासाव्या; आपल्या उताऱ्यांतील ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल, परंतु परदेशीं लिहिलेली आज्ञावली तो ४ मार्च समजूं शकते. बेरीज जुळल्यावरही शिल्लक ताडावी, कारण बेरीज जुळणें व हिशेब खरा असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्या रात्रीं वडिलांनीं माझ्या फीचा अंदाज पुन्हां मांडला. जे २०,००० रुपये आम्हीं हातीं आहेत असें धरलें होतें, ते नव्हतेच. चार हप्ते अधिक भरावयाचे ठरलें. ही गोष्ट प्रवेशाच्या दिवशीं न कळतां दोन वर्षें आधीं कळली, तीही पंचवीस पैशांचा पाठपुरावा केल्यामुळें.