मागच्या सीटला एसी लागत नाही? गॅस भरण्याआधी एवढं तपासा

रत्नागिरी : पुढे बसलेला माणूस थंडी वाजते म्हणून एसीची जाळी बंद करतो आणि मागे बसलेली आजी पदराने वारा घेते. जुन्या सात-आठ सीटर गाड्यांत हे नेहमीचंच झालं आहे. मे महिन्यातलं लग्नाचं वऱ्हाड, गणपतीला येणारे चाकरमानी, आंबा घाटातून कोल्हापूरला न्यायचा पेशंट, सगळे मागेच बसतात. भाड्याच्या गाडीवर घर चालवणाऱ्याचं तर गिऱ्हाईकच यावर टिकतं.

मागे एसी लागत नाही म्हटलं की बहुतेक जण एकच काम करतात, गॅस भरून घेतात. पंधरा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाइपांत गोल फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गॅस पुरेसा असूनही मागे गार होत नसेल, तर बिघाड दुसरीकडेच आहे. दोन्ही वेळेला नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

आधी गाडीचा प्रकार ओळखा

मागच्या एसीचे दोन प्रकार असतात. काही गाड्यांत पुढच्याच ब्लोअरची हवा दोन सीटांमधल्या कन्सोलमधून मागे सोडलेली असते. मागे फक्त जाळी असते, वेगळं यंत्र नसतं. अशा गाडीत पुढे गार आणि मागे काहीच नाही असं झालं, तर कन्सोलमधला हवेचा पाइप निघालेला असतो किंवा जाळीत कचरा अडकलेला असतो. त्याला गॅसची गरज नसते.

दुसरा प्रकार डबल एसीचा. यात मागे वेगळी कुलिंग कॉइल आणि वेगळा ब्लोअर असतो. क्वालिस, २००५ साली आलेली जुनी इनोव्हा, टवेरा या गाड्या या प्रकारातल्या. कॉम्प्रेसर आणि पुढचा कंडेन्सर मात्र दोन्हीकडे मिळून एकच. मागच्या कॉइलपर्यंत गॅस नेणारे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात.

घरच्या घरी दहा मिनिटं

गाडी सावलीत, मोकळ्या जागेत उभी करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. एसी फुल, पुढचा आणि मागचा पंखा फुल. पाच मिनिटं थांबा आणि मागच्या जाळीवर हात धरा. बहुतेक वेळा पुढच्या चारपैकी एक गोष्ट दिसेल.

१) मागे हवाच येत नाही. हा विजेचा प्रश्न आहे, गॅसचा नाही. आधी पुढच्या पॅनलवरचं मागच्या एसीचं बटण चालू आहे का ते बघा. मुलं खेळताना ते बंद करतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, जास्तीचा किंवा तार गुंडाळून नको. वायरिंग पेटण्याची भीती असते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर ब्लोअर जाम आहे किंवा वायर शॉर्ट आहे. पंखा फक्त सगळ्यात मोठ्या नंबरवर चालतो आणि एक-दोनवर बंद असतो, असं असेल तर बहुधा ब्लोअरचा रेझिस्टर गेलेला आहे. हा छोटा पार्ट आहे. त्यासाठी पूर्ण ब्लोअर बदलायची गरज नसते.

२) हवा जोरात येते, पण गार नाही. आता पुढे हात धरा. पुढेही गार नसेल तर दोष दोघांच्या सामाईक भागात आहे : गॅस, कॉम्प्रेसर, त्याचा पट्टा किंवा कंडेन्सरचा पंखा. गाडी चालू असताना गार आणि मुंबई-गोवा हायवेवर ट्रॅफिकमध्ये थांबली की कोमट, असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते बघा आणि कंडेन्सरमधली माती-किडे साफ करून घ्या. पुढे बर्फासारखं आणि मागे गरम असेल, तर संशय मागच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर. तो चोक झाला की मागच्या कॉइलला गॅस पोचत नाही. पण गॅस थोडा कमी असला तरी कधी कधी मागची बाजू आधी ढिली पडते. म्हणून गेज लावून दोन्हीकडचं प्रेशर बघितल्याशिवाय व्हॉल्व्ह खोलू देऊ नका.

३) हवा गार आहे, पण जोर नाही. मागची कॉइल धुळीने भरलेली असते. कच्च्या रस्त्याची तांबडी धूळ आणि दमट हवा मिळून कॉइलवर चिखलाचा थर बसतो. सुरुवातीला हवा चांगली, तासाभराने कमी, आणि एसी पंधरा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा चांगली, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. धुळीने चोक झालेली कॉइल, बिघडलेला सेन्सर किंवा कमी गॅस यांतलं काहीतरी कारण असतं.

४) छतातून किंवा बाजूच्या पॅनलमधून पाणी ठिबकतं. हा गॅस नव्हे, हवेतल्या बाष्पाचं पाणी आहे. ते बाहेर टाकणारी बारीक रबरी नळी तुंबली की पाणी सीटवर येतं. कोकणातल्या दमट हवेत हे पाणी भरपूर निघतं. नळीच्या खालच्या टोकातून हलकी हवा मारली की ती मोकळी होते. कडक तार घालू नका, नळी फाटते.

काही महागड्या गाड्यांत मागे गरम हवेचीही सोय असते. तिथे गार-गरम हवा बदलणारी झडप छोट्या मोटरवर चालते. एसी चालू केल्यावर पॅनलमधून टिकटिक आवाज येतो आणि मागे गरमच हवा येते, तेव्हा बहुधा त्या मोटरचा प्लास्टिक गिअर तुटलेला असतो.

कोकणात गळती कुठे होते?

खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि पोटाखाली चिकटून राहणारा चिखल, ही आपल्याकडची खरी कारणं. मागच्या एसीचे अॅल्युमिनियमचे पाइप क्लॅम्पने धरलेले असतात. त्या क्लॅम्पखाली ओली माती राहते आणि पाइप कुजून बारीक भोक पडतं. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. त्यामुळे जिथे गळती, तिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. गाडी रॅम्पवर चढवून बॅटरीच्या उजेडात जॉइंट आणि क्लॅम्प बघायला सांगा. पावसाळा संपला की गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्यावं. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी.

जुनी गाडी विकत घेताना आणखी एक गोष्ट. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरात बुडालेली गाडी वरून चकाचक करता येते, पण मागच्या ब्लोअरच्या कनेक्टरमध्ये आणि अर्थिंगच्या जागी गंज राहतो. मागचा एसी कधी चालतो, कधी नाही, अशी गाडी असेल तर सीटखालचं कार्पेट उचलून चिखलाचे डाग बघा. इन्शुरन्सचा जुना क्लेमही तपासा.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

गळती सापडून ती दुरुस्त झाल्यावरच गॅस भरायचा, हे आधीच बोलून ठेवा. भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास लावायला हवा. पाइप उघडले की त्यात ओलावा शिरतो. तो राहिला तर व्हॉल्व्ह चोक होतो आणि आतून गंज धरतो. व्हॅक्यूम बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहिला पाहिजे. काटा परत वर चढला तर गळती अजून आहे.

गॅस अंदाजाने नाही, वजनावर भरायचा. किती ग्रॅम आणि कोणता, ते बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली स्टिकरवर लिहिलेलं असतं. या वयाच्या गाड्यांत साधारणपणे आर-१३४ए असतो. डबल एसीला सिंगलपेक्षा जास्त गॅस लागतो. पण गरजेपेक्षा जास्त भरला तरी थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. स्वस्तात घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. तो पेट घेणारा गॅस आहे आणि मागची कॉइल माणसांच्या डोक्याशीच असते.

काही जण मागचा पाइप डमी लावून बंद करतात आणि पुढचा एसी चालू ठेवतात. पैसे नसतील तेव्हा तात्पुरता हा मार्ग चालतो. पण मग गॅसही त्या हिशेबाने कमी भरावा लागतो आणि मागचे प्रवासी उकाड्यातच राहतात.

घरी कोणी गॅसचा पाइप सैल करायला जाऊ नये. आत प्रेशर असतं आणि सुटलेला गॅस कातडी किंवा डोळे गोठवू शकतो. बटण, फ्यूज, पंख्याचे नंबर, पाण्याची नळी आणि हात धरून पुढे-मागे बघणं, एवढं मात्र कोणालाही जमतं. जे दिसलं ते कागदावर लिहून मिस्त्रीकडे न्या. "एसी लागत नाही, गॅस भर" म्हणण्यापेक्षा "पुढे गार, मागे गरम, पंखा सगळ्या नंबरवर चालतो" असं सांगितलं की मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही. सीझनच्या आदल्या दिवशी गॅरेजला रांग असते, त्यामुळे ही तपासणी महिनाभर आधीच उरकून घेतलेली बरी.