देव रोजच्या धावपळीत भेटतो म्हणजे नेमकं काय होतं?

वाळूज एमआयडीसीत दिवस शिफ्टवर चालतो. आठवडा बदलला की शिफ्ट बदलते आणि झोपेची वेळही. अशा ठिकाणी ख्रिस्ती कामगाराला पाळकांनी सांगितलं की 'रोज सकाळी शांतपणे देवाजवळ बसा', तर त्याला साधा प्रश्न पडतो: सकाळ म्हणजे कोणती? रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत घरी येतो, ती?

चर्चमध्ये वारंवार ऐकू येणारं 'रोजच्या जीवनात देवाला ओळखा' हे वाक्य म्हणूनच जरा उलगडून बघायला हवं.

बहुतेकांना वाटतं, देव ओळखायचा म्हणजे काहीतरी विलक्षण दिसलं किंवा ऐकू आलं पाहिजे. बायबलमधल्या गोष्टी मात्र वेगळं सांगतात. एलीया संदेष्ट्यासमोरून वादळ, भूकंप आणि अग्नी जातात. देव त्यात नसतो, नंतरच्या मंद वाणीत असतो. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य येशूबरोबर चालतात, बोलतात, पण त्याला ओळखत नाहीत. भाकर मोडली जाते तेव्हा त्यांना कळतं, आणि मग वाटेत मनात काय होत होतं तेही आठवतं. म्हणजे ओळख बऱ्याचदा मागे वळून पाहताना पटते.

सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी या मागे वळून पाहण्याचीच सवय लावली. तिला 'एक्झामेन' म्हणतात. ('ख्रिस्तपुराण' मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे.) दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आधी दिवसातल्या चांगल्या गोष्टींसाठी आभार. मग दिवस सुरुवातीपासून आठवायचा: मन कुठे चांगल्याकडे ओढलं गेलं, कुठे आपण तोंड फिरवलं? चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक गोष्ट ठरवायची. याला देवघर लागत नाही, सकाळही लागत नाही. बसची सीट चालते.

खरी अडचण पुढे आहे. लक्षात येणं सोपं, प्रतिसाद देणं महाग.

याचं सर्वांत बोलकं मराठी उदाहरण वाळूजवरून जाणारा रस्ता जिथे पोहोचतो, त्या नगर जिल्ह्यातलं आहे. कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळं सुटलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एकदा त्यांच्या मनात प्रश्न आला की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. त्यात चमत्कार नाही. विचार पटला, आणि यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये झाला. आधी पाण्याचा तांब्या बदलला. माझ्या मते हा क्रमच सगळ्यात शिकण्यासारखा आहे.

आजच्या वाळूजमध्ये तो तांब्या कोणता? समजा, प्रेस शॉपमध्ये प्रॉडक्शन वाढावं म्हणून मशीनचा सेन्सर बंद ठेवलाय आणि त्यावर नवा, कंत्राटी पोरगा उभा आहे. जुन्या ऑपरेटरला ते खटकतं. घरी येऊन तो त्या पोरासाठी प्रार्थना करतो. पण मत्तयाच्या 25 व्या अध्यायात येशू म्हणतो की लहानातल्या लहानासाठी जे केलं, ते माझ्यासाठी केलं. त्या हिशोबाने ते खटकणं हीच हाक होती, आणि तिचं उत्तर सुपरवायझरसमोर द्यायचं आहे. एकट्याने बोलायची भीती वाटत असेल तर दोघातिघांनी मिळून.

मनात आलेलं सगळंच देवाचं असतं, असंही नाही. राग, भीती, दुसऱ्यावर हुकूम चालवायची हौस, सगळं 'देवाने सांगितलं' म्हणून खपतं. म्हणून जुन्या मंडळींच्या काही कसोट्या आहेत: ते शास्त्राशी जुळतं का, विश्वासू माणसाला सांगताना लाज वाटते का, काही दिवसांनीही तसंच वाटतं का, आणि त्यातून प्रेम वाढतं की अहंकार? दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठी कुणी 'देवाची इच्छा' पुढे केली, की तर हमखास सावध व्हावं. पगार थकलेल्या किंवा घरात मार खाणाऱ्या माणसाला 'सोसा' असं सांगणं म्हणजे देवाचा आवाज ओळखणं नव्हे.

आणि बसमध्ये दिवस आठवता आठवता डोळाच लागला तर? बरेच जण याने खजील होतात. पण एलीयाची गोष्ट त्या मंद वाणीपासून सुरू होत नाही. त्याआधी तो थकून, जीव नकोसा होऊन झाडाखाली झोपला होता. देवदूताने त्याला उठवलं आणि जेवायला सांगितलं. उशाशी भाजलेली भाकर होती, पाणी होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला.