कीटकांचा चरित्रकार : झां आंरी फाब्र

खिडकीच्या चौकटीवर अगर तसबिरीच्या मागें कुंभारीण मातीचें लहानसें घर बांधते, हें दृश्य आपल्याकडील घरांतून अपरिचित नाहीं. त्या घरांत ती अळ्या कोंडून ठेवते आणि कांहीं दिवसांनीं त्यांतून नवी कुंभारीण बाहेर पडते. कोंडलेला कीटक भ्रमराचें ध्यान करतां करतां भ्रमररूप होतो, असा दृष्टान्त वेदान्तांत रूढ आहे. दृष्टान्त म्हणून तो सुंदरच. परंतु अशा भिंतीआड खरोखर काय घडतें, हें ज्यांनीं जगाला उलगडून सांगितलें त्यांत फ्रान्समधील एका शाळामास्तराचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल.

झां आंरी फाब्र यांचा जन्म १८२३ सालीं दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यांत, गरीब कुटुंबांत झाला. शिक्षकी करीत असतांच त्यांनीं स्वतः अभ्यास करून पदव्या मिळविल्या. लेआँ द्युफूर या नामांकित कीटकशास्त्रज्ञाचा एक निबंध त्यांच्या वाचनांत आला. एका जातीची गांधीलमाशी भुंगेरे मारून बिळांत सांठविते, तरी ते बरेच दिवस ताजे राहतात. तेव्हां तिच्या विषांत कुजूं न देणारें द्रव्य असावें, असें द्युफूर यांचें अनुमान होतें. फाब्र यांनीं तसेंच भक्ष्य मिळवून तपासलें. तें कुजत नव्हतें, कारण तें मेलेलेंच नव्हतें! विजेचा प्रवाह लावतांच किड्यांचे पाय हालत. माशी मज्जाकेंद्रावर नांगी मारून भक्ष्याला केवळ लुळें करते व त्यावर अंडें घालते. अंड्यांतून निघालेल्या पिलाला ताजें अन्न मिळतें. हा निष्कर्ष १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. कुंभारिणीच्या घरांतही हाच प्रकार चालतो. ध्यानस्थ दिसणारी अळी लुळी पडलेली असते, आणि बाहेर येणारी कुंभारीण तिलाच खाऊन वाढलेली असते.

पुढें आव्हीन्यों येथें फाब्र यांनीं मुलींना विज्ञानाचे पाठ दिले. फुलांतील फलधारणेची गोष्ट मुलींच्या कानीं घातली, यावरून सनातनी मंडळी खवळली. नोकरी सुटली, राहतें घरही सोडावें लागलें. त्यानंतर शालेय पुस्तकें लिहून त्यांनीं संसार चालविला. १८७९ सालीं, वयाच्या ५५ व्या वर्षीं, सेरीन्यां गांवीं त्यांनीं एक ओसाड जमीन विकत घेतली. दगडधोंडे व कांटेरी झुडुपें यांनीं भरलेली ती जागा शेतीला निरुपयोगी होती. कीटकांना मात्र तें नंदनवन होतें. त्यांच्या कीटकविषयक स्मृतींचे १० खंड १८७९ ते १९०७ या काळांत प्रसिद्ध झाले.

रांगेनें चालणाऱ्या पाइन वृक्षावरील अळ्यांचें त्यांनीं १८९६ सालीं कुंडीच्या कांठावर वर्तुळ जुळवून आणलें. अन्न जवळच असतां त्या एकीमागून एक सात दिवस फिरत राहिल्या! गांधीलमाशीला शस्त्रवैद्याचें कौशल्य देणारी उपजतबुद्धि इतकी आंधळीही असूं शकते, हें त्यांनीं दाखविलें.

ते सोप्या भाषेंत लिहीत, म्हणून त्यांच्या विद्वत्तेविषयीं शंका घेणारे पंडित निघालेच. डार्विननें मात्र अनुपम निरीक्षक म्हणून त्यांचा गौरव केला. गंमत अशी, कीं डार्विनचा उत्क्रान्तिवाद फाब्र यांनीं कधींच मान्य केला नाहीं! तें मत शास्त्रांत टिकलें नाहीं. त्यांचीं निरीक्षणें बहुतांशीं टिकलीं. १९१५ सालीं ते वारले.

खिडकीवरचें मातीचें घर खरवडून टाकण्यापूर्वीं मुलांना जवळ बोलावून तें एकदां अवश्य दाखवावें.