मुका पंप: पाण्याने थंड होणाऱ्या संगणकाची गोष्ट

रात्री घरात निजानीज झाली, की दिवसा कधी न जाणवणारे आवाज ऐकू येऊ लागतात. घड्याळाची टिकटिक, नळाची टपटप आणि घरात संगणक चालू असेल तर त्याच्या पेटीतला पंख्याचा एकसारखा घोंघाट. संगणकावर जितके कठीण काम, तितका हा घोंघाट मोठा. हा आवाज बंद करण्यासाठी काही हौशी लोक संगणकात पंख्याऐवजी पाणी खेळवतात. पण पाणी खेळवायचे म्हणजे पंप आला आणि पंप म्हटला की पुन्हा आवाज आला! मग पंप निवडावा कसा आणि बसवावा कसा, की तो आहे हेच कळू नये? या साध्या प्रश्नात तुमच्या पाठ्यपुस्तकातील निम्मे भौतिकशास्त्र दडलेले आहे. चला, ते बाहेर काढू या.

हवा की पाणी?

संगणकाला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. चित्रे रंगवण्याचे भारी काम करणारा एखादा संगणक ३०० वॅट वीज घेत असेल, तर त्याच्या पेटीत जणू १०० वॅटचे तीन जुने दिवे सतत जळत आहेत असे समजा. ही उष्णता बाहेर काढलीच पाहिजे.

आता हिशेब पाहा. एक लीटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४,१८० जूल उष्णता लागते. एक लीटर हवेला मात्र अवघी १.२ जूल पुरते. म्हणजे तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेपेक्षा सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेते. म्हणूनच पंख्याला ढीगभर हवा ढकलावी लागते, तर पाण्याची करंगळीएवढ्या नळीतली धार तेच काम करते.

ही युक्ती नवी नाही. आयबीएम कंपनीने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकात पाणी खेळवलेले होते. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो.

घरगुती संगणकात या पाण्याचा फेरा असा असतो: मुख्य चकतीवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवतात. त्याच्या आतील बारीक खाचांतून पाणी जाते आणि चकतीची उष्णता घेते. तेथून ते मोटारीत असतो तसल्याच, पण लहान रेडिएटरमध्ये जाते आणि निवते. मग छोट्या टाकीत येते आणि टाकीतून पंप ते पुन्हा ठोकळ्याकडे पाठवतो. रेडिएटरला पंखा लागतोच. पण तो मोठा व संथ चालतो, म्हणून त्याचा आवाज नावापुरताच.

किती पाणी पुरे?

बहुतेकांची पहिली चूक येथे होते. ‘जास्त पाणी म्हणजे जास्त थंडावा’ असे समजून ते दांडगा पंप आणतात. आपण मात्र आधी गणित करू. ३०० वॅट म्हणजे दर सेकंदाला ३०० जूल. पाणी दर मिनिटाला १ लीटर वाहत असेल, तर ठोकळ्यात शिरताना आणि बाहेर पडताना त्याच्या तापमानात फरक पडेल ४.३ अंशांचा. प्रवाह बदलून हाच हिशेब केला, की उत्तरे अशी येतात:

दर मिनिटाला अर्धा लीटर: ८.६ अंश
१ लीटर: ४.३ अंश
२ लीटर: २.२ अंश
४ लीटर: १.१ अंश
८ लीटर: ०.५ अंश

अर्ध्या लीटरवरून १ लीटरवर गेलो तर चार अंशांहून अधिक लाभ होतो. तोच ४ वरून ८ वर गेलो तर लाभ उरतो जेमतेम अर्ध्या अंशाचा! जोरात वाहणारे पाणी ठोकळ्याच्या तांब्याकडून उष्णता थोडी अधिक चांगली उचलते हे खरे, पण तेथेही फायदा हळूहळू आटतच जातो.

खर्च मात्र आटत नाही. ठरावीक नळ्यांतून प्रवाह दुप्पट करायचा, तर दाब सुमारे चौपट लागतो. पंपाचे चाक दुप्पट वेगाने फिरवावे लागते आणि त्यासाठी शक्ती लागते जवळजवळ आठपट. पंपाने घेतलेली विजेची ही शक्तीही अखेर उष्णताच होते आणि तिचा मोठा भाग आपल्या पाण्यातच उतरतो. दांडगा पंप म्हणजे जास्त आवाज, जास्त वीज आणि वर थोडी जास्त उष्णता. मिनिटाला दोन ते चार लीटर म्हणजे आपल्या संगणकाला भरपूर झाले.

पेटीवरचे दोन आकडे

शेतीसाठी पंप घ्यायला गेलात तर दुकानदार विचारतो, “हेड किती?” म्हणजे पाणी किती उंच चढवायचे? संगणकाच्या पंपावरही असे दोन आकडे असतात. जर्मनीच्या एहाइम कंपनीचा १०४८ क्रमांकाचा पंप हा मुळात माशांच्या काचपेटीसाठी बनवलेला. शांतताप्रिय हौशी लोकांनी तो संगणकासाठी पुष्कळ वापरला. त्याचे आकडे होते ताशी ६०० लीटर आणि १.५ मीटर. याचा अर्थ तो १.५ मीटर उंचीवर ताशी ६०० लीटर पाणी देईल असा नव्हे! नळीचे तोंड अगदी मोकळे असेल तेव्हा ६०० लीटर. आणि पाणी १.५ मीटरपर्यंत चढले की प्रवाह शून्य. खरे काम या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी चालते. पंपाचा दाब आणि नळ्या, ठोकळा व रेडिएटर यांचा विरोध जेथे बरोबर जुळतात, तेवढाच प्रवाह मिळतो.

आता एक कोडे. टेबलाखालच्या पेटीतून पाणी टेबलावरच्या रेडिएटरपर्यंत न्यायचे आहे. उंची एक मीटर. मग या पंपाचा बहुतेक जोर उंची चढण्यातच संपेल काय? उत्तर आहे, नाही. जत्रेतला आकाशपाळणा आठवा. दोन्ही बाजूंना सारखीच माणसे असली, तर वर जाणाऱ्यांचा भार खाली येणारे तोलून धरतात. पाळणेवाल्याला फक्त घर्षणापुरता जोर लावावा लागतो. बंद फेऱ्यातल्या पाण्याचेही तसेच आहे. एका नळीतून पाणी चढते, तेवढेच दुसरीतून उतरते. एकदा नळ्या पूर्ण भरल्या, की पंपाला उंचीशी नव्हे, फक्त घर्षणाशी झगडायचे असते. आणि हे घर्षण सर्वांत जास्त कोठे? ठोकळ्यातील बारीक खाचांत. म्हणून आपल्याला ‘लीटर’ फार नकोत. अरुंद वाटेतून पाणी रेटण्यापुरता दाब हवा.

गुणगुण कोठून येते?

काचपेटीचे जुने पंप घरातल्या विजेवर, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहावर चालत. आपल्याकडे हा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. प्रत्येक आवर्तनात चुंबकीय ओढ दोनदा वाढते व दोनदा ओसरते, म्हणून अशा पंपातून सेकंदाला १०० कंपनांची घुमणारी गुणगुण येते. त्यांतल्या दोन ध्रुवांच्या चुंबकाचे चाक मिनिटाला ३,००० फेरे घेते. त्याचा वेग कमी करावा म्हटले तर करता येत नाही.

१२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या पंपाचा वेग मात्र बदलता येतो. या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या डी-५ जातीच्या पंपाच्या एका प्रकारात मिनिटाला १,८०० ते ४,८०० फेरे अशा वेगाच्या पाच पायऱ्या आहेत. हौशी माणूस तो बहुधा खालच्या पायऱ्यांवरच चालवतो. मोठा पंप संथ चालवावा, लहान पंप धापा टाकत चालवू नये, हा पहिला नियम.

एक की दोन?

आता मांडणीकडे वळू. दोन पंप एकापुढे एक जोडले, म्हणजे एकसरीत, तर त्यांच्या दाबांची बेरीज होते. शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडले, तर प्रवाहांची बेरीज होते. विजेच्या घटांचा धडा आठवला ना? आपली अडचण दाबाची आहे, म्हणून एकसरी जोडणीच सोयीची.

पण दोन पंप म्हणजे दुप्पट आवाज नव्हे काय? गंमत येथेच आहे. दोन्ही पंप निम्म्या वेगाने चालवा. निम्म्या वेगाला प्रत्येकाचा दाब एक-चतुर्थांश, म्हणून दोघांचा मिळून निम्मा. निम्म्या दाबाला अरुंद मार्गातून पूर्वीच्या सुमारे ७० टक्के प्रवाह मिळतो, कारण ०.७ चा वर्ग जवळजवळ ०.५ आहे. आणि आवाज? पंख्यांसाठी अभियंते असा अंदाज धरतात, की वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. पंपाचाही कल त्याच दिशेने असतो. दुसरा पंप जोडल्याने वाढतात अवघे ३ डेसिबल. सौदा फायद्याचाच!

मात्र दोन पंपांचे वेग अगदी थोडे वेगळे असतील, तर नवाच त्रास उद्भवतो. समजा, दोन्ही चाकांना सहा-सहा पाती आहेत. एक सेकंदाला ४० फेरे घेते, दुसरे ४०.५. मग पात्यांचे स्वर २४० आणि २४३ कंपनांचे होतील व सेकंदाला तीन वेळा आवाज चढेल-उतरेल. तंबोऱ्याच्या दोन तारा नीट लागल्या नाहीत की असेच लहरणे ऐकू येते. शास्त्रात याला विस्पंद म्हणतात. एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, लहरणाऱ्या आवाजाची होत नाही. म्हणून दोन्ही पंपांचे वेग एकदम सारखे तरी ठेवावेत किंवा चांगले दूर तरी.

पत्र्याची पेटी म्हणजे ढोल

नादकाटा आपटून हातात धरा. आवाज जेमतेम ऐकू येईल. त्याचा दांडा टेबलावर टेकवा. सारे टेबल गाऊ लागेल. पंप संगणकाच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळला, की नेमके हेच होते. लहानशी थरथर मोठा पत्रा हलवते आणि पत्रा खोलीतली हवा.

उपाय म्हणजे पंपाखाली मऊ स्पंज. पण किती मऊ? पंपाच्या वजनाने स्पंज १ मिलिमीटर दबत असेल, तर त्या जोडीची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १६ येते; ४ मिलिमीटर दबत असेल तर ८. पंप सेकंदाला ४० फेरे घेत असेल, तर पहिल्या स्पंजमधून थरथरीच्या बळाचा सुमारे एक-पंचमांश भाग खाली पोचेल, तर दुसऱ्यातून जेमतेम एक-पंचविसांश. हा हिशेब स्थूल आहे, पण दिशा दाखवतो. स्पंज इतका ताठ असेल की त्याची कंपनसंख्या पंपाच्या फेऱ्यांशी जुळेल, तर मात्र झोक्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यांप्रमाणे थरथर उलट वाढेल! नळ्याही मऊच हव्यात. ताठ नळी ही थरथरीला पत्र्याकडे नेणारी पूलवाटच होय.

टाकी नेहमी पंपाच्या आधी आणि पंपाहून थोडी वर ठेवावी. म्हणजे पंपाच्या तोंडाशी पाणी सदा भरलेले राहते व बुडबुडे टाकीतच वर निघून जातात. चाकात बुडबुडे सापडले, की खडखड सुरू झालीच. असा पंप कोरडा तर कधीच चालवू नये; पुष्कळ पंपांत फिरत्या भागाला वंगण असते ते पाण्याचेच.

करून पाहा

खेळण्याच्या दुकानात किंवा विज्ञान साहित्याच्या दुकानात ३ ते ६ व्होल्टवर चालणारा बुडता पंप मिळतो. तो घटांवरच चालवा, घरातल्या विजेला हात लावू नका. प्लॅस्टिकच्या वाडग्यात पाणी घेऊन पंप बुडवा. वाडगा आधी पालथ्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर ठेवा, मग जाड स्पंजवर. आवाजातला फरक टिपून ठेवा. घट कमी करून वेग उतरवा आणि पुन्हा ऐका. शिक्षकांनी वर्गात याच वेळी मिनिटाला किती पाणी येते तेही मोजून घ्यावे, म्हणजे आवाज आणि प्रवाह यांचा मेळ मुलांनाच सापडेल.

शांततेचा धोका

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुका पंप चालू आहे की बंद पडला, हे कानाला कळणार कसे? समजा, १५० वॅटच्या चकतीवरील ठोकळ्यात ५० ग्रॅम पाणी आहे आणि पंप थांबला. तांब्याचा हिशेब सोडून दिला, तर ते पाणी दर सेकंदाला ०.७ अंशाने तापेल. ४० अंशांवरून ९० अंशांवर जायला सव्वा मिनिटही लागणार नाही! हल्लीच्या चकत्या फार तापल्या की स्वतःच मंद होतात, बंद पडतात. पण हातातले काम तर गेलेच. म्हणून चांगल्या पंपाला एक जादा तार असते. चाक फिरते आहे, असा निरोप ती संगणकाला सतत देत राहते. निरोप थांबला, की संगणक धोक्याची सूचना देतो. दोन पंप एकसरीत असतील तर आणखी एक आधार मिळतो. एक थांबला तरी त्याच्या चाकामधून पाणी वाट काढते आणि दुसरा फेरा चालू ठेवतो. समांतर जोडणीत मात्र झडप नसेल तर पाणी बंद पंपातून उलटेच फिरेल.

तेव्हा पंप मुका असावा, पण त्याची खबर घेणारे कोणीतरी जागे असावे. आवाज घालवणे ही निम्मीच कामगिरी झाली. आवाजातून जी बातमी मिळत होती, ती दुसऱ्या वाटेने मिळवणे ही उरलेली निम्मी.